घोडा नको, मार्क बघा

मार्च जवळ आला की चेल्टनहॅमबद्दलच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या अडथळ्यांच्या घोडाशर्यतींच्या मोठ्या मेळ्याबद्दलच्या, पत्रांचा ढीग पडतो. यंदा निम्म्याहून जास्त प्रश्न हँडिकॅप हर्डलचे (चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून, छोट्या अडथळ्यांवरून धावायच्या शर्यतींचे) आहेत, म्हणून आज तेवढेच घेतो. एक खुलासा आधीच करतो: खाली ‘पौंड’ म्हणजे घोड्याच्या पाठीवरचं वजन आणि ‘पाउंड’ म्हणजे तुमच्या खिशातले पैसे.

वडिलांबरोबर मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सला जायचो, त्यामुळे हँडिकॅप म्हणजे काय ते माहीत आहे. इथल्या हर्डलमध्ये वेगळं काय? (लेस्टर)

तत्त्व तेच. महालक्ष्मीला सगळं सपाट आणि वजन किलोत. इथे कमीत कमी साधारण दोन मैल, वाटेत आठेक हर्डल्स, प्रत्येक साडेतीन फुटांचं, आणि वजन स्टोन-पौंडांत (एक स्टोन म्हणजे चौदा पौंड). हँडिकॅपर, म्हणजे वजनं ठरवणारा अधिकारी, प्रत्येक घोड्याला एक आकडा देतो, तोच त्याचा मार्क. १४० मार्कचा घोडा १३० मार्कच्या घोड्यापेक्षा दहा पौंड जास्त वाहतो. सगळे एकदम शेवटच्या खांबाशी पोचावेत, हा त्यामागचा हेतू.

म्हणजे सगळ्यात चांगला घोडा कोणता, हे शोधत बसू नका. ते हँडिकॅपरने आधीच सांगितलंय, त्याचं नाव कार्डावर (शर्यतीतल्या घोड्यांच्या छापील यादीत) सगळ्यात वर असतं. शोधायचा तो घोडा, ज्याला १३० दिलेत पण ज्याची लायकी १३८ ची आहे. या अंतरावर ढोबळमानाने एका पौंडाला एक लांबी, म्हणजे एका घोड्याएवढं अंतर, धरतात. आठ पौंडांची सूट मिळाली तर बघा काय होतं.

पण असा घोडा ओळखायचा कसा? आम्ही काय हँडिकॅपरपेक्षा हुशार? (क्रॉयडन)

हुशार नसू, पण त्याला बिचाऱ्याला शेकडो घोडे बघावे लागतात आणि जे धावून झालंय त्यावरूनच आकडा द्यावा लागतो. आपण फक्त एकाच शर्यतीकडे बघतो, आणि उद्या काय होईल याचा अंदाज बांधायची आपल्याला मुभा आहे.

मला दोन जातींचे घोडे आवडतात. पहिली जात कोऱ्या पाटीची. हर्डलवर तीन-चारदाच धावलेला, दर वेळी सुधारत गेलेला, अजून पुरता उघडा न पडलेला. २०२२ च्या काउंटी हर्डलमध्ये, म्हणजे चेल्टनहॅमच्याच एका हँडिकॅपमध्ये, ट्रेनर विली मलिन्स यांचा स्टेट मॅन असाच होता. हर्डलचा अनुभव तुटपुंजा, तरी फेवरिट, आणि जिंकला. दोन वर्षांनी त्याच घोड्याने चॅम्पियन हर्डल, हर्डलची सगळ्यात मानाची शर्यत, मारली. चॅम्पियन हर्डलच्या तोडीचा घोडा हँडिकॅपमध्ये धावत होता, हे नंतर सगळ्यांना कळलं. अडचण एवढीच की असा घोडा बुकींनाही (पैजा घेणाऱ्यांनाही) दिसतो आणि भाव (एकाला किती मिळणार तो आकडा) पार उतरलेला असतो.

दुसरी जात मला जास्त प्यारी: जुना, ओळखीचा, पण मार्क खाली आलेला. ट्रेनर डॅन स्केल्टन यांचा लँगर डॅन घ्या. २०२१ मध्ये त्याने सँडाउन रेसकोर्सला इम्पीरियल कप जिंकला आणि सहाच दिवसांनी चेल्टनहॅमच्या मार्टिन पाइप हर्डलमध्ये तो दुसरा आला. पहिला कोण, तर गॅलोपँ दे शाँ, ज्याने पुढे २०२३ आणि २०२४ मध्ये गोल्ड कप, चेल्टनहॅमची सगळ्यात मोठी शर्यत, नेला! अशा घोड्यामागे दुसरा येणं ही हार नव्हेच. २०२२ च्या कोरल कपमध्ये (हीही चेल्टनहॅमची हँडिकॅप हर्डल) पुढच्या पडलेल्या घोड्यामुळे लँगर डॅनही कोसळला. मग २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी कोरल कप त्याचाच. दुसऱ्या वेळी तर त्या हंगामात आधी त्याने काहीच चमक दाखवली नव्हती. ज्यांनी फक्त शेवटच्या दोन-तीन शर्यती बघितल्या त्यांनी त्याला खोडून टाकलं. त्यांच्यात मीही होतो.

कार्डावर नावाआधी ‘४२-१बी३’ असं काहीतरी असतं. त्यात अक्षर दिसलं की मी घोडा सोडतो. बरोबर ना? (लीड्स)

नाही. उजवीकडचा आकडा सगळ्यात ताजा. आडवी रेघ म्हणजे हंगाम बदलला. ‘एफ’ म्हणजे पडला, ‘यू’ म्हणजे जॉकी खाली पडला, ‘पी’ म्हणजे मध्येच थांबवला, आणि ‘बी’ म्हणजे दुसऱ्याने पाडला. यातल्या ‘बी’त घोड्याची काहीच चूक नसते. ‘एफ’ शेवटच्या हर्डलला, पुढे असताना, आला असेल तर उलट खूश व्हा: जिंकता-जिंकता पडला, आणि जिंकला नाही म्हणून मार्कही बहुधा तितका वाढला नाही. ‘पी’ला मात्र कारण शोधा. बऱ्याचदा ते जमिनीत, म्हणजे ती घोड्याला फार ओली किंवा फार कडक असण्यात, सापडतं. श्वासनलिकेचं ऑपरेशन झालं असेल तर त्यानंतरच्या पहिल्या धावेला कार्डावर तशी खूण असते. २०१८ पासून ते कळवणं ट्रेनरला बंधनकारक आहे. ती खूण मी कधी नजरेआड करत नाही.

पावसाचा किती विचार करायचा? (ग्लासगो)

खूप. चिखलात हत्तीसारखा चालणारा घोडा कडक जमिनीवर मांजर होतो, आणि उलटही. चेल्टनहॅमला शेवटी चढ आहे, तिथे दम लागतो. केम्प्टनचं रेसकोर्स सपाट आहे, तिथली जीत इथे जशीच्या तशी धरू नका.

ईच-वे लावावं का? हिशेब कळत नाही. (स्लाऊ)

ईच-वे म्हणजे अर्धे पैसे घोडा जिंकण्यावर (विन), अर्धे तो पहिल्या काहींत येण्यावर (प्लेस). सोळा किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये, भाव मोठा असेल तर, लावाच. तिथे सहसा पहिल्या चारांना प्लेस मिळते, पाव भावाने. दहा पाउंड ईच-वे म्हणजे दोन पैजा, वीस पाउंड गेले. भाव १६/१ (एकाला सोळा) आणि घोडा चौथा आला, तर विनचे दहा बुडाले. प्लेसवर पाव भाव म्हणजे ४/१: चाळीस आणि लावलेले दहा, मिळून पन्नास. निव्वळ तीस पाउंड हातात. हाच हिशेब ४/१ च्या फेवरिटवर करा: चौथा आला तर वीस लावून वीसच परत. म्हणून छोट्या भावाला ईच-वे नको. आणि पंधराच घोडे उरले तर सहसा तीनच प्लेस. सकाळी सोळा दिसले आणि दुपारी एक बाहेर पडला, अशा वेळी पैसे टाकण्याआधी अटी पुन्हा वाचा.

पुण्यातून मोबाइलवर चेल्टनहॅमला पैसे लावता येतील का? (कोथरूड)

त्या भानगडीत पडू नका. भारतात ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे. तुमच्या गावात जुलै ते ऑक्टोबर रेसेस असतात. घरातल्या खर्चाला हात न लावता, गेले तरी चालतील एवढेच पैसे घेऊन रेसकोर्सवर जा. हर्डल्स तिथे नाहीत, पण हँडिकॅप रोज आहे.