घरातल्या जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यावर फोटोग्राफी शिकता येईल का?

नक्की येईल. महागडा डीएसएलआर घेण्याआधी हाच कॅमेरा चांगला हाताळा.

‘ऑटो’ सोडून ‘पी’ मोडवर या (यात काही सेटिंग्ज तुम्हाला बदलता येतात), फ्लॅश बंद करा. सकाळी खिडकीपाशी स्टीलचा तांब्या ठेवा. +/− चिन्हाचं बटण शोधा (ते एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ किंवा गडद करण्याची सोय) आणि त्याच जागेवरून −१, ० आणि +१ असे तीन फोटो काढा. दर पायरीला प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होतो. −१ मध्ये तांब्याच्या काठावरची चकाकी टिकते. +१ मध्ये ती पांढरीफटक होते, पण मागच्या अंधारातले डबे दिसू लागतात. यातलं काय हवं, हे तुम्ही ठरवायचं. खरी फोटोग्राफी इथेच सुरू होते असं मला वाटतं. कॅमेरा सगळं मध्यम करड्या छटेकडे ओढतो, म्हणून पांढरी चादर मळकट येते. तिथे +१ द्या.

या कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) लहान, त्यामुळे मागचं सहसा धूसर होत नाही. तसं हवं असेल तर फुलाचं चिन्ह (जवळून फोटो काढायचा मोड) निवडा, झूम न करता अगदी जवळ जा.

संध्याकाळी कॅमेरा टेबलावर ठेवून, २ सेकंदांचा टायमर लावून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि १६०० वर एकच फोटो काढा. दोन्ही मोठे करून पाहिले की १६०० मधले रवाळ दाणे लगेच कळतील.