उबुंटूवर नेटवर्कमॅनेजर काढल्यावर नेटच गेलं, परत कसं आणू?

घाबरू नका, आणि फॉरमॅट तर मुळीच मारू नका. पेडण्याच्या घरी वायफाय सारखं तुटायचं म्हणून तुम्ही उबुंटू २२.०४ वर कॉनमन हा नेट-जोडणी सांभाळणारा दुसरा प्रोग्रॅम बसवला, तेच काम करणारं मूळचं नेटवर्कमॅनेजर काढलं, आणि रिस्टार्टनंतर वरच्या पट्टीतलं वायफायचं चिन्हच नाहीसं झालं. ते होणारच होतं. ग्नोमचा (उबुंटूच्या डेस्कटॉपचा) तो मेनू नेटवर्कमॅनेजरशीच बोलतो, कॉनमनशी नाही. शिवाय कॉनमन सुरुवातीला वायफाय बंद ठेवतं. म्हणजे मशीन बिघडलेलं नाही, त्याला टर्मिनलवरून सांगावं लागेल एवढंच.

सोपा मार्ग फोनचा. केबल लावा, फोनवर यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलमधून संगणकाला देणं) चालू करा. संगणकाला ती वायर्ड जोडणी वाटते आणि कॉनमन ती बहुतेक वेळा आपणहून उचलतं. नाही उचललं तर टर्मिनलमध्ये कॉनमनसीटीएल, म्हणजे कॉनमनला आज्ञा द्यायचा प्रोग्रॅम, उघडा (टाइप अर्थात रोमन अक्षरांत करायचं) आणि क्रमाने द्या: एनेबल वायफाय, स्कॅन वायफाय, एजंट ऑन, सर्व्हिसेस. तुमच्या राउटरच्या नावापुढे एक लांबलचक ओळ दिसेल, ती कनेक्टपुढे चिकटवली की पासवर्ड विचारतो.

नेट आलं की सुडो ॲप्ट अपडेट, मग सुडो ॲप्ट इन्स्टॉल नेटवर्क-मॅनेजर. पण लगेच कॉनमन काढायला धावू नका. आधी सिस्टमसीटीएल डिसेबल देऊन ते नुसतं बंद करा, रिस्टार्ट करा, चिन्ह परत आलं आणि एखादं पान उघडलं की मगच पर्ज करा. रिमूव्हने प्रोग्रॅम जातो, पण ईटीसी या फोल्डरातली सेटिंग्ज मागे राहतात. डीपीकेजी -एल या आज्ञेने मिळणाऱ्या पॅकेजांच्या यादीत अशा पॅकेजपुढे आरसी दिसतं. पर्ज तीही काढतं.

मी वाळपईच्या एका शाळेत संगणक खोली सांभाळते. एकदा चवथीच्या आधी मी असंच जुनं काढून मग नवं बसवायला घेतलं, आणि नेमकी पावसात लाइन गेली. फोनलाही रेंज नव्हती. शेवटी म्हापशाला भावाकडे जाऊन डेब फायली (पॅकेज बसवायच्या फायली) पेनड्राइव्हवर आणल्या, अवलंबून असलेली पॅकेजेस एकेक शोधत. तेव्हापासून नेटवर्कच्या पॅकेजला हात लावण्याआधी ॲप्ट-गेट इन्स्टॉलला डाउनलोड-ओन्ली जोडून सगळं उतरवून ठेवते. व्हार, कॅश, ॲप्ट, आर्काइव्ह्ज या फोल्डरात ते राहतं. आणि काढताना आधी -एस लावून पाहते: काहीही न काढता काय काय जाईल त्याची यादी मिळते. त्यात उबुंटू-डेस्कटॉप, म्हणजे डेस्कटॉपचे भाग एकत्र बांधणारं पॅकेज, हे नाव दिसलं तर थांबायचं.

आता मूळ दुखणं. वायफाय तुटण्याला कित्येकदा वीज वाचवण्याची सेटिंग कारण असते, त्यासाठी पॅकेज बदलायची गरजच नसते. ईटीसी, नेटवर्कमॅनेजर, कॉन्फ.डी या फोल्डरात डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन नावाची फाइल आहे. तिच्यात ३ आहे तिथे २ करा, सेव्ह करा, नेटवर्कमॅनेजर रिस्टार्ट करा. माझ्या खोलीतल्या दोन लॅपटॉपांचं तुटणं एवढ्यानेच थांबलं. तुमचं नाही थांबलं तर एलएसपीसीआय चालवून वायफाय कार्ड कुठलं आहे ते इथे लिहा, मी बघते.