तंजावरचा राजवाडा अर्ध्या तासात उरकू नका

‘तंजावरला एकच दिवस आहे. मोठं देऊळ तर बघणारच, पण राजवाड्याची पार रया गेलीय म्हणतात, तो टाळला तर चालेल का?’ असं तुम्ही विचारलंय. कृपा करून टाळू नका. मी तीनदा गेलोय, आणि आपल्या माणसांनी तो न बघता परत यावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाडा मुळात नायकांचा, म्हणजे भोसल्यांआधीच्या इथल्या राजांचा. १६७६च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिथल्या गादीवर आले, आणि १८५५पर्यंत तंजावर भोसल्यांकडे राहिलं. आता त्याच आवारात वेगवेगळी संग्रहालयं आहेत. दरबाराचे रंग उडालेत, हे खरं.

सुरुवात सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयापासून करा. जागा लहान, त्यामुळे लोक दहा मिनिटांत बाहेर पडतात. तुम्ही थांबा. ल ब्रं या फ्रेंच चित्रकाराची चित्रं तिथे आहेत: माणसाचा चेहरा आणि त्याच्याशी जुळणारं जनावराचं तोंड. ग्रंथ जमवण्याचं मोठं काम दुसऱ्या सरफोजीराजांचं (कारकीर्द १७९८ ते १८३२). काशीयात्रेहूनही त्यांनी पोथ्या आणल्या. डोळ्यांच्या रुग्णांवर केलेल्या उपचारांच्या नोंदी त्यांनी डोळ्यांच्या चित्रांसकट ठेवून घेतल्या. मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, याच ग्रंथालयात आहेत. शिवाय मराठी रंगभूमीची सुरुवात मानलं जाणारं नाटक विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत केलं, त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधी व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे इथे मराठी नाटकं लिहीत होते!

मग नायकांच्या दरबारातल्या कांस्यमूर्ती. तिरुवेंकाडू गावचा वृषभवाहन शिव, म्हणजे नंदीसोबतचा शिव, शोधाच. १०११च्या सुमाराची चोळांची मूर्ती. केस पागोट्यासारखे गुंडाळलेले, एक पाय सैल, आणि उजवा हात नंदीच्या पाठीवर टेकावा तसा. नंदी आता नाही. तरी त्या कोपराच्या वळणावरून तो केवढा उंच असेल ते कळतं. तिथेच सरफोजीराजांचा हात जोडलेला संगमरवरी पुतळा आहे, इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनचा.

आणि क्रम उलटा ठेवा: सकाळी वाडा, ऊन उतरलं की देऊळ. बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतलाय, देवनागरीत. वाड्यात भेटलेली नावं तिथे पुन्हा भेटतात. माझ्या आईने एकेक ओळ मोठ्याने वाचली होती, अंधारून अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत.