जुनी गाडी कोणाकडून घ्यावी: थेट मालक, एजंट की डीलर?

चार-पाच लाखांत सेकंडहँड गाडी घ्यायची आहे आणि या तिघांपैकी विश्वास कोणावर ठेवावा, असं तुम्ही विचारलंय. माझं सरळ उत्तर: आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) ज्याचं नाव आहे, त्याच्याशी स्वतः बोलल्याशिवाय टोकन (आगाऊ रक्कम) देऊ नका, मग गाडी कोणीही दाखवलेली असो.

आपल्याकडे फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे नाव ट्रान्सफर करायच्या फॉर्मांवर, मालकाची सही घेऊन ठेवतात आणि त्या कोऱ्या फॉर्मांवर गाडी दोन-तीन हात फिरते. मधल्यांपैकी कोणाचंच नाव कुठे लागत नाही. अपघात झाला तर भरपाईसाठी नोंदणीतला मालकच जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे "आधी नाव ट्रान्सफर करा, मग बाकीचे पैसे" असं स्वतःहून म्हणणारा मालक मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. त्याचाही जीव त्यात अडकलेला असतो. "नावाचं बघू नंतर, गाडी घेऊन जा" म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नका.

डीलर वाईटच असतात असं नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी भरून तशी नोंद करायची असते. दोन्ही दाखवा म्हणा. चेहऱ्यावरूनच बरंच कळतं.

आता गाडी. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर आणि २०२१ चा चिपळूण-महाडचा, या दोन्हींत कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून, नवी सीट कव्हरं घालून विकायला येऊ शकतात. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. जो भाग एरवी आत गुंडाळलेला असतो, तिथे मातीची रेघ किंवा पिवळट डाग दिसला की तिथेच थांबा. सीटखालचे रूळ गंजलेत का, स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात गाळ आहे का, तेही बघा. परफ्यूमचा वास जरा जास्तच येत असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा; खाली दडलेला कुबट वास कळतो.

सकाळी न कळवता जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही येण्याआधीच इंजिन चालू करून ठेवलेलं असणार, थंड असताना ते नीट सुरू होत नाही हे लपवायला. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, हे जमत नाही; मीटर मागे फिरवलेला असू शकतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मालकालाच सोबत नेऊन जुन्या सर्व्हिसिंगची नोंद काढा. तिथे यायला जो टाळाटाळ करतो, त्याची गाडी कितीही स्वस्त असली तरी नको.

कर्जाची गाडी असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात घ्या. थकलेली चलनंही मालकाकडूनच भरून घ्या. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्त्यातला तेवढा फरक किंमत ठरवतानाच धरा.