गोल का होत नाहीत? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गोव्यातील फातोर्ड्याच्या मैदानावर 14 ऑक्टोबर 2025 रोजी सिंगापूरने भारताच्या फुटबॉल संघाला 2-1 असे हरवले आणि 2027 च्या आशियाई चषकाची आशा संपली. त्या पात्रता फेरीतील पहिल्या चार सामन्यांत आपले गोल अवघे दोन होते. तेव्हापासून बहुतेक पत्रांतून आपले गोल का होत नाहीत ही एकच शंका पुन्हा पुन्हा येत असल्याने काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : प्रशिक्षक बदलूनही गोल होत नाहीत. मग दोष प्रशिक्षकाचा की खेळाडूंच्या कुवतीचा? (पुणे)

उत्तर : इगोर स्टिमॅक यांना जून 2024 मध्ये हटवण्यात आले, मनोलो मार्केझ जुलै 2025 मध्ये बाहेर पडले आणि ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. तिघांच्या पद्धती वेगळ्या असूनही गोलांचा दुष्काळ कायम राहिला, म्हणजे सगळे खापर एका माणसावर फोडता येत नाही. मात्र याचा अर्थ प्रशिक्षण निर्दोष आहे असाही नव्हे. मार्केझ राष्ट्रीय संघाबरोबरच एफसी गोवा या क्लबचीही जबाबदारी सांभाळत होते आणि ही व्यवस्था अखिल भारतीय फुटबॉल महासंघानेच मान्य केली होती. थोड्या दिवसांच्या शिबिरात बचावाची शिस्त बसवता येते. आघाडीच्या तिघा-चौघांनी एकमेकांची धाव न बघता ओळखावी यासाठी महिने लागतात.

प्रश्न : आपली शरीरयष्टीच या खेळाची नाही, असे म्हणतात. खरे आहे का? (ठाणे)

उत्तर : नाही. भारताचा माजी कर्णधार सुनील छेत्री उंच नाही आणि त्याच्या नावावर 95 आंतरराष्ट्रीय गोल आहेत.

प्रश्न : छेत्रीनंतर दुसरा गोल करणारा का घडला नाही? (मडगाव)

उत्तर : हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जायला हवा होता. 2014 साली आयएसएल (इंडियन सुपर लीग, देशातील क्लबांची व्यावसायिक स्पर्धा) सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघाचे सहा परदेशी खेळाडू एकाच वेळी मैदानावर उतरू शकत. 2017-18 पासून ही मर्यादा पाच आणि 2021-22 पासून चार झाली. संख्या घटली, पण मध्य-आघाडीची, म्हणजे थेट गोलसमोर राहून गोल करणाऱ्याची जागा बहुतेक क्लबांनी परदेशी खेळाडूकडेच ठेवली, कारण हंगाम वाचवण्याचा तो सर्वांत जवळचा मार्ग असतो. 2024-25 पर्यंतच्या एकाही हंगामात सर्वाधिक गोलांचा मान भारतीयाला मिळालेला नाही आणि त्या हंगामात भारतीयांमध्ये सर्वाधिक, म्हणजे 14 गोल केले ते चाळिशीतल्या छेत्रीनेच. मनवीर सिंग मूळचा मध्य-आघाडीचा खेळाडू, पण मोहन बागान क्लबमध्ये तो उजव्या बगलेवर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळू लागला. राष्ट्रीय संघातले लालियनझुआला छांगटे आणि लिस्टन कुलासो हेही बगलेवरचेच. परिणामी राष्ट्रीय संघात चेंडू कडेपर्यंत वेगाने जातो, क्रॉसही (कडेवरून गोलसमोर दिलेला पास) पडतो, पण गोलच्या जवळच्या खांबाकडे धावायचे की बचावपटूच्या पाठीमागे थांबायचे हा निर्णय अर्ध्या सेकंदात घेणारा माणूस पेनल्टी क्षेत्रात नसतो. ही नजर फळ्यावर आकृत्या काढून येत नाही. ती सामन्यांतल्या मिनिटांतून, चुकलेल्या संधींतून आणि चुकूनही पुढच्या सामन्यात जागा मिळण्यातून येते. ज्या मुलाला क्लबमध्ये ती मिनिटे कधी मिळालीच नाहीत, त्याच्यात गुणवत्ता नाही असे ठरवण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे मी अत्यंत कळकळीने सांगतो. आपला मुलगा या जागेवर खेळत असेल, तर त्याला बगलेवर हलवण्यापूर्वी त्याच्या प्रशिक्षकाशी समोरासमोर बोला.

प्रश्न : एक अकादमी तेरा वर्षांच्या मुलासाठी ‘फिनिशिंग’चे (संधीचे गोलात रूपांतर करण्याचे) तीन आठवड्यांचे शिबिर घेते आणि परदेशी चाचणीची हमी देते. पाठवावे का? (नाशिक)

उत्तर : हमी या शब्दाशीच थांबावे. परदेशी क्लबच्या चाचणीची हमी कोणतीही प्रामाणिक अकादमी देत नाही, आणि फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालील खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरावर, मोजके अपवाद वगळता, बंदी आहे. तेवढ्या पैशांत मुलाला वर्षभर नियमित सामने मिळतील असा जवळचा क्लब शोधा, तेथील प्रशिक्षकाचा परवाना पाहायला मागा आणि शंका राहिली तर राज्य संघटनेकडे विचारणा करा.

प्रश्न : आमच्या तालमीचा संघ गोल करत नाही. मुख्य आघाडीपटू गुडघा दुखत असूनही खेळतो. प्रशिक्षक बदलावा का? (कोल्हापूर)

उत्तर : सामने न पाहता सांगता येणार नाही. पुढच्या काही सामन्यांत आपला प्रत्येक हल्ला कोठे संपतो ते कोणालातरी कागदावर टिपायला सांगा. चेंडू मध्यरेषेजवळच हरवत असेल तर दोष मधल्या फळीत आहे, गोलजाळ्यासमोर वाया जात असेल तर आघाडीत आहे. तो कागद घेऊन बाहेरच्या परवानाधारक प्रशिक्षकाचा सल्ला घ्या आणि त्यानंतरच निर्णय करा. गुडघ्याचे मात्र वेगळे आहे. पट्टी बांधून, मालिश करून, ‘हंगाम संपू दे’ म्हणत खेळाडूला मैदानात उतरवणे हा गुन्हा मानावा असे मला वाटते. अस्थिबंध फाटलेला असल्यास तशा गुडघ्यावर खेळण्याने कूर्चाही निकामी होऊ शकते. त्याला पुढच्या सामन्यापूर्वीच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत संघात घेऊ नका.