तेरवीच्या व्हिडिओबद्दल थोडं

ताई, बाबांच्या तेरवीला व्हिडिओ लावायचा म्हणतेस तर आधी फोटो गोळा कर, ॲप नंतर बघू. नातेवाइकांना सांग, व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नुसता फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि मोठ्या पडद्यावर चेहरा पुसट दिसतो.

अल्बममधले जुने फोटो स्कॅन करायचे तर 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके). स्कॅनर नसेल तर सकाळी ओसरीत, सावलीत फोटो सपाट ठेवून मोबाइलने अगदी वरून टिप. नागपूरच्या उन्हात धरशील तर नुसती चकाकी येईल.

60 फोटो, प्रत्येकी 5 सेकंद, झाली 5 मिनिटं. त्याहून लांबवू नको, लोक पंगतीची वाट बघत असतात (खरं बोलतोय, रागावू नको). सत्काराचे, हारतुऱ्यांचे फोटो 2-3 पुरे. अंबाझरी तलावाच्या काठावर सायकल धरून उभे असलेले बाबा मात्र 8 सेकंद राहू दे.

त्यांची एखादी व्हॉइस नोट आहे का बघ. माझ्या काकांच्या व्हिडिओत शेवटी काळ्या पडद्यावर फक्त आवाज ठेवला होता, "पोट्टेहो, जेवले का रे?" काकू तेव्हा पहिल्यांदा रडली. त्या आवाजाखाली बासरी-बिसरी घालू नको.

व्हिडिओची फाइल एमपी4 प्रकारची, 1080पी (फुल एचडी) ठेव. आदल्या संध्याकाळी हॉलवरच्याच टीव्हीला पेनड्राइव्ह लावून पूर्ण चालवून बघ. मी एकदा बघितलं नव्हतं. चित्र आलं, आवाज नाही, आणि शंभर माणसं माझ्याकडे बघत बसली होती.