तुर्कस्तानात नव्याने राहायला जाणाऱ्याने तिथली संस्कृती, वारसा आणि परंपरा कशा समजून घ्याव्यात?

तुम्ही नोकरीसाठी इस्तंबूलला निघालाय आणि विचारलंय, आधी कोणती ठिकाणं बघू, कोणत्या प्रथा माहीत हव्यात. ठिकाणांचं आधी उरकते. आयासोफिया बघालच. 537 साली चर्च, 1453 नंतर मशीद, 1935 मध्ये संग्रहालय, 2020 पासून पुन्हा मशीद. त्या एका इमारतीत तिथलं सगळं राजकारण दिसतं. जेवणाच्या टेबलाशेजारी गिरक्या घेणारे दरवेशी (सूफी साधू) दाखवतात, तिथे पैसे घालवू नका. त्यांचे मठ 1925 मध्येच कायद्याने बंद झाले. समा, म्हणजे त्यांचा गिरक्यांचा खरा विधी, बघायचा असेल तर डिसेंबरात कोन्या शहरात जा, सूफी कवी मौलाना रूमी वारले ती तारीख 17 डिसेंबर, तेव्हा तिथे मोठा सोहळा असतो. बेली डान्स हा पर्यटकांचा धंदा आहे, त्यावरून तुर्की घराबद्दल काहीही कळत नाही.

आता प्रथा. मी बोस्फोरस सामुद्रधुनीच्या आशियाई बाजूला, उस्कुदारला, संसार केला आहे. निघताना माझ्या मोठ्या भावाने बजावलं होतं, "दोन-चार वर्षांचा प्रश्न आहे, संग्रहालयं बघ, शेजाऱ्यांत मिसळू नकोस. आपल्यासारखा शेजारधर्म तिकडे नसतो." असले सल्ले तुम्हालाही मिळत असतील, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

एप्रिल 2020 मध्ये, कोरोनाच्या काळात, माझे वडील मिरजेत वारले. भारताने बाहेरून येणारी विमानं मार्चमध्येच बंद केली होती. अंत्यविधी मी फोनवर पाहिला. आम्ही इमारतीत कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त नवरा दूध आणायला खालच्या बक्कालकडे, म्हणजे वाण्याकडे गेला आणि तिथे बोलून आला. तासाभरात बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या तेयझे (मावशी, वयस्कर बाईला तिकडे हीच हाक) मास्क लावून जिन्यात उभ्या. पासष्टीच्या वरच्यांना तेव्हा रस्त्यावर उतरायची बंदी होती, जिना मात्र त्यांचा होता. "बाशनझ सा ओलसुन" म्हणाल्या, दुःखाच्या घरी हेच म्हणतात. माझ्या ओंजळीत लिंबाचं कोलोन्या, म्हणजे हाताला चोळायचं सुगंधी पाणी, ओतलं. पाहुण्याला, प्रवाशाला, रडणाऱ्याला, सगळ्यांना ते देतात. मग म्हणाल्या, आता या घरात चूल पेटायची नाही.

आणि खरंच पेटू दिली नाही. दाराच्या मुठीला पिशव्या लटकलेल्या असायच्या. मसुराचं सूप, पिलाव, पालकाचं बोरेक (पातळ पोळीच्या थरांत सारण भरून भाजलेलं). कुठली पिशवी कुणाची हे मला बरेच दिवस कळलंही नव्हतं. सुतकात आपल्याकडे शेजारून पिठलं-भात येतो, तसंच.

सातव्या दिवशी तेयझेंनी खिडकीतून दोरीला टोपली सोडली, बक्कालने खालून रवा, लोणी आणि चिलगोजे (पाइनच्या बिया) चढवले, आणि त्या माझ्या स्वयंपाकघरात आल्या. मेलेल्या माणसासाठी रव्याचा हलवा करतात. एरवी शेजारणी जमतात आणि आळीपाळीने ढवळतात, तेव्हा आम्ही दोघीच होतो, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून. मंद आचेवर रवा आणि चिलगोजे बदामी होईपर्यंत भाजायचे, हात थांबवायचा नाही. भाजण्याचा वास गेलेल्यापर्यंत पोचतो, अशी समजूत आहे. त्यांनी ढवळताना फातिहा, कुराणातला पहिला अध्याय, म्हटली, मग लाकडी चमचा माझ्या हातात दिला: "तुझ्या बाबांसाठी तुमचं जे असेल ते म्हण." मी विठ्ठलाचं नाव घेतलं. साखरेचं गरम दूध ओतलं, झाकणाखाली फडकं घालून मुरत ठेवलं आणि वाट्या भरून दारोदार पोचवल्या. माझे वडील कोण, कुठले, हे इमारतीत कुणालाही माहीत नव्हतं. तरी प्रत्येक घरात त्यांच्या नावाने घास खाल्ला गेला.

भावाचा दुसरा मुद्दा असा, की तुर्कांनी 1928 मध्ये अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली, त्यांची परंपरा तिथेच संपली. नुकसान झालंच, आजोबांच्या थडग्यावरचा मजकूर नातवाला वाचता येत नाही. पण आमच्या घरातले मोडीतले कागद भावाला तरी कुठे वाचता येतात? म्हणून काय आमच्याकडचे सणवार बंद पडले? तिकडेही मोहरममध्ये आशुरे शिजते, गहू, हरभरे, सुकामेवा घालून, आणि शेजाऱ्यांना वाटतात. ती वाटी रिकामी परत करू नका. बायरामला, म्हणजे ईदला, मोठ्यांच्या हाताचं चुंबन घेऊन तो कपाळाला लावतात, मुलांसाठी गोड गोळ्या घरात ठेवा. चपला दाराशीच. काम करणाऱ्याजवळून जाताना "कोलाय गेलसिन", म्हणजे काम सोपं जावो, म्हणा. चहाला नाही म्हणू नका, पुरे झाला की चमचा पेल्यावर आडवा ठेवा. हा चहा मात्र फार जुना नाही, काळ्या समुद्राकाठच्या रिझेचा पहिला चहाचा कारखाना 1947 चा. त्याआधीचा मान कॉफीचा, मुलीला मागणी घालायला आलेल्यांना आजही कॉफीच देतात.

प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क यांच्याबद्दल चेष्टेने बोलू नका, त्यांच्या स्मृतीचा अपमान हा 1951 च्या कायद्याने गुन्हा आहे. 10 नोव्हेंबरला सकाळी 9 वाजून 5 मिनिटांनी, त्यांच्या मृत्यूच्या वेळेला, भोंगे वाजले की आहात तिथे उभे राहा.

हे सगळं जुन्या वस्तीतलं आहे, हेही सांगायला हवं. नव्या उंच इमारतींमध्ये, फाटकावर पहारेकरी असलेल्या संकुलांत, लोक एकमेकांना ओळखतीलच असं नाही. अलेवी पंथाच्या घरांचे, कुर्दांचे, काळ्या समुद्राकडच्या लोकांचे रिवाज वेगळे आहेत. राजकारणावरून एका घरातले लोक एकमेकांशी बोलेनासे झालेलेही मी पाहिलेत.

भाऊ अजून म्हणतो, तुला अपवाद भेटले. पिशव्या कुणी लटकवल्या हे ज्या इमारतीत शोधावं लागतं, तिथल्या लोकांना मी अपवाद म्हणणार नाही. तुमची कंपनी फाटकातलं घर देऊ करेल. शक्य असेल तर ते नाकारा, उस्कुदारला किंवा कादिकोयला जुन्या गल्लीत भाड्याने बघा, आणि करार करण्याआधी खालच्या बक्कालशी चार वाक्यं बोलून या.